मागच्या खोलीतलं ग्रंथालय

"एवढंसंच?" राजूरकर साहेब म्हणाले आणि बुटाच्या टोकानं त्यांनी माझ्या मशीनच्या पत्र्याला टोचलं. पत्रा वाजला.

"बूट लावू नका," मी म्हटलं. "त्यात अकराशे चाळीस पुस्तकं आहेत."

मे महिन्यातला रविवार होता. बारा वाजून गेले होते. अकोल्याच्या उन्हात माझी मागची खोली तापून निघते, म्हणून मशीनच्या एका बाजूचं झाकण मी काढून ठेवायची आणि टेबलफॅन थेट त्याच्यावर सोडायची. एरवी त्या खोलीत मी एकटीच असते. त्या दिवशी आम्ही पाच जण होतो. राजूरकर म्हणजे आमच्या अंधांच्या मंडळाचे सचिव. त्यांच्यासोबत नागपूरच्या एका कंपनीतली मृणाल जामदार नावाची इंजिनियर होती. बोलण्यावरून तिशीतली वाटली. माझा मोठा भाऊ भास्करदादा दारात उभा होता. तो आत येत नव्हता आणि जातही नव्हता. आणि माझ्या वेताच्या खुर्चीत मंडळाच्या कार्यकारिणीतले पद्माकर गुल्हाने सर बसले होते.

सर आले आहेत हे राजूरकरांनी सांगण्याआधीच मला कळलं होतं. दोन वर्षांपूर्वी घशाच्या कॅन्सरमुळे त्यांचं स्वरयंत्र काढावं लागलं. तेव्हापासून ते गळ्यातल्या छिद्रातून श्वास घ्यायचे, आणि त्या श्वासाला एक बारीक शीळ असायची. ती मी कुठेही ओळखली असती. पण सर बोलू शकत नव्हते आणि मला दिसत नाही. मला दृष्टी जन्मापासूनच नाही. त्यामुळे एका खोलीत असूनही आमच्यात बोलणं कसं व्हावं हा प्रश्नच होता.

"नलिनीताई, मी वाद घालायला आलो नाही," राजूरकर म्हणाले. "मंडळाचं ग्रंथालय आता ॲपवर गेलं आहे. कंपनीशी करार झाला, त्यात स्पष्ट आहे की ही पुस्तकं दुसरीकडे कुठंही राहणार नाहीत. तुम्ही तुमच्या घरून तीनशे लोकांना ऐकवून राहिल्या. परवानगी कोणाची?"

"सरांची. ते ग्रंथपाल होते तेव्हा त्यांनीच मला सांगितलं, नलिनी, घेऊन जा."

"लेखी?"

"तोंडी."

"सर इथं बसले आहेत. सर, तुम्ही अशी परवानगी दिली होती का?" क्षणभर थांबून राजूरकर म्हणाले, "बघा. मानेनं नाही म्हणताहेत."

मी सरांच्या दिशेनं तोंड केलं. शीळ तशीच चालू होती. दादाच्या चपलेचा फरशीवर घासल्याचा आवाज आला, आणि मग तोही थांबला.

त्या 'नाही'नं मला किती लागलं हे सांगायचं तर ती पुस्तकं काय होती ते सांगायला हवं. आमच्या मंडळाच्या एका खोलीत चाळीस वर्षं लोक पुस्तकं मोठ्यानं वाचून कॅसेटवर भरत आले. शिक्षक, बँकेतून निवृत्त झालेले, घरी बसलेल्या बाया. सगळ्यात जास्त पुस्तकं सरांनी वाचली. ते अंधशाळेत शिकवायचे. दिवसभर शिकवून संध्याकाळी त्या खोलीत जाऊन बसायचे; मंडळाचं ग्रंथालयही तेच सांभाळायचे. मी दहावी, बारावी आणि पुढं बी.ए. झाले ती त्यांच्या आवाजावर. टेलिफोन ऑपरेटरच्या नोकरीची परीक्षाही. पुढं त्या कॅसेटी कॉम्प्युटरवर चढवल्या. मग नवी कार्यकारिणी आली आणि तो जुना कॉम्प्युटर भंगारात काढायचं ठरलं. ऑपरेशनला जायच्या आठ दिवस आधी सरांनी मला बोलावून घेतलं आणि म्हणाले, "हे भंगारात जाईल, नलिनी. तू घेऊन जा." त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते शेवटचं वाक्य. पाच आठवडे रोज कचेरी सुटल्यावर जाऊन मी एकेक पुस्तक उतरवून आणलं.

ॲप वाईट हेतूनं केलं होतं असं मी म्हणत नाही. पण आमच्या फोनमध्ये पडद्यावरचं वाचून दाखवणारा आवाज असतो. त्या ॲपवर बोट फिरवलं की तो आवाज म्हणायचा, "बटन. बटन. बटन." कोणतं बटन, कशाचं, हे त्याला कळतच नसे, कारण करणाऱ्यानं ते लिहिलेलंच नव्हतं. म्हणून लोक माझ्याकडे येत गेले. वाशिम, दर्यापूर, गोंदिया. त्या आठवड्यात यवतमाळच्या वसतिगृहातल्या नऊ मुलींची परीक्षा चालू होती, आणि त्या रोज सकाळी पाचपासून माझ्या मशीनवर अभ्यास करत होत्या.

"मॅडम, तुमच्याकडे पुस्तकं आहेत, याला माझी हरकत नाही," मृणाल म्हणाली. ती मशीनपाशी उकिडवी बसली होती. आवाजात आढ्यता नव्हती. "पण घरचा सर्व्हर कधीतरी बंद पडतोच. डिस्क जाते, अपडेट फसतं. तेव्हा तुम्ही काय करणार? पडदा तर तुमच्याकडे दिसत नाही."

"पडदा कशाला हवा?"

"एरर आली तर वाचायला."

"मी वाचते. कानानं."

"तेच म्हणतोय मी," राजूरकर मध्येच म्हणाले. "चाळीस वर्षांचा ठेवा. आणि तो एका... राग मानू नका, पण जिला डोळे नाहीत तिच्या भरवशावर एका खोलीत. उद्या काही झालं तर लोक मंडळाला विचारतील."

"नलू," दादा दारातून म्हणाला, "साहेब स्वतः आले आहेत नं. तू काहून हट्ट करून राहिली? देऊन टाक."

दादाचा नाइलाज मला माहीत होता. राजूरकर ज्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष होते, तिच्याच शाळेत दादा गणित शिकवायचा. वहिनीनं आदल्या रात्रीच मला सांगितलं होतं की साहेबांनी त्याला दोनदा बोलावून घेतलं. त्याच्या घरात मी राहत होते. तरी मी म्हटलं, "नाही देत."

"मग आम्हाला पोलिसांत..."

"थांबा," मी म्हटलं. "तुमचं म्हणणं काय, की हे बिघडलं तर मला उभं करता येणार नाही. बरोबर? मग बिघडवा."

मी मशीनच्या उघड्या बाजूकडे हात केला.

"आत्ता. माझ्यासमोर. ताई, तुम्ही इंजिनियर आहात. आत दोन डिस्क आहेत. मोठीवर पुस्तकं आहेत, तिच्यावरचं काही पुसायचं नाही. बाकी काय वाटेल ते करा. लहान डिस्कवर मशीन चालवणारं सगळं आहे, ती कोरी करा. मी एका तासात ग्रंथालय पुन्हा चालू करते. कोणाच्याही डोळ्यांची मदत घेणार नाही. नाही जमलं तर पुस्तकं घेऊन जा. माझी दुसरी एक प्रत खामगावला मैत्रिणीकडे आहे, तीही देईन."

"नलू," दादा म्हणाला.

"आणि जमलं तर?" राजूरकरांनी विचारलं.

"तर ज्या पावली आलात त्या पावली जायचं. 'डोळे नाहीत' हे कारण पुन्हा सांगायचं नाही."

ते हसले. हसण्यात खात्री होती. "करा," ते मृणालला म्हणाले.

तिला ते आवडलं नसावं. तिनं मला दोनदा विचारलं, नक्की का. मग गाडीतून आपला छोटा पडदा आणि कीबोर्ड आणून जोडला. बराच वेळ तिच्या बोटांचा आवाज येत राहिला. एकदा ती स्वतःशीच म्हणाली, "हे लिहूच देत नाही."

"नाही देणार," मी म्हटलं. "त्याची मूळ फाइल कोणालाच बदलता येत नाही. मलासुद्धा."

"तुम्ही हे वापरता? घरी?"

हो, तेच वापरत होते, आणि त्यामागं अकरा दिवसांची एक गोष्ट होती. त्याआधी माझ्याकडे साधा कॉम्प्युटर होता. एका सकाळी त्यात कसलंसं अपडेट आपोआप बसलं आणि त्याचा बोलका आवाज गेला. मशीन चालू होतं, पण माझ्यासाठी मुकं. दादाला विचारलं की तो पडद्याकडे बघून म्हणायचा, "इंग्रजीत काहीतरी आलं आहे." अकरा दिवस मी कोणाच्या तरी सवडीची वाट पाहिली. बारावीच्या निकालाचीसुद्धा मी तशी वाट पाहिली नव्हती. तेव्हा ठरवलं की असं मशीन चालवायचं ज्याला पडदाच लागणार नाही, आणि जे माझ्या पाठीमागं बदलणार नाही. शोधता शोधता कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्स या प्रणालीची ही जात सापडली. तिचा गाभा बंद असतो. नवा गाभा आला तर तो शेजारी येऊन बसतो, आणि नाही चालला तर मशीन आपणहून जुन्यावर परत जातं. बाकी आपल्याला जे चालवायचं ते वेगवेगळ्या कंटेनरमध्ये. मी त्यांना डबेच म्हणायची. ग्रंथालयाचा एक डबा, शोधायचा एक, फोनवर पुस्तक पाठवणारा एक. एक सांडला तर दुसऱ्याला कळतही नाही. आणि या सगळ्याची मांडणी एका पानावर लिहायची. माझं पान एकशे बावीस ओळींचं होतं. ते लिहायला मला सात महिने लागले होते, आणि ते मला तोंडपाठ होतं.

"गेलं," मृणाल म्हणाली. "लहान डिस्क पूर्ण कोरी आहे. मशीन बंद केलं आहे." तिनं आपला पडदा आणि कीबोर्ड काढून घेतला. पंखा सोडून खोलीतला सगळा आवाज थांबला. यवतमाळच्या मुलींचे फोन त्या क्षणी मुके झाले असणार, हे माझ्या मनात आलं.

"पाणी मिळेल का?" मृणालनं दादाला विचारलं. ती दोघं माठापाशी गेली. मी टेबलाच्या खणात माझा पेनड्राइव्ह शोधत होते. माझ्या मागं राजूरकरांची विजार सळसळली, कोणीतरी वाकल्यासारखी, आणि बोटानं टिचकी मारावी तसा एक बारीक आवाज झाला. मी वळले तोवर ते पुन्हा उभे होते.

"बारा चाळीस," ते म्हणाले. "तुमचा तास सुरू."

ज्या पेनड्राइव्हवर ते पान होतं त्याला मी दोरा बांधून तीन गाठी मारल्या होत्या. तो मशीनच्या मागं लावला आणि बटन दाबलं. एक शिटी वाजली. आता मला काहीच करायचं नव्हतं. मशीन पान वाचणार, लहान डिस्कवर सगळं नव्यानं बसवणार आणि दुसऱ्यांदा शिटी देणार. त्या शिटीला पेनड्राइव्ह लगेच उपटायचा, नाहीतर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतं. मी जमिनीवर बसले, दोऱ्याला बोट गुंडाळून.

त्या शांततेत मला टेबलाकडून आवाज आला. टक. टक टक. टक. माझी ब्रेलची पाटी आणि टोचणी तिथं पडलेली असायची. कागदावर टोचून ठिपके उठवायचे आणि ते बोटानं वाचायचे, असं ते लिखाण. सरांनी खुर्ची पुढं ओढून ती घेतली होती.

"सर वेळ घालवताहेत," राजूरकर म्हणाले. "घालवू द्या."

नवव्या मिनिटाला शिटी झाली. मी दोरा ओढला. मग लॅपटॉप मांडीवर घेतला आणि मशीनला हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा. नाही. तिसऱ्यांदाही नाही. चौथ्यांदा लॅपटॉपच्या आवाजानं सांगितलं की मशीननं ओ दिली आहे. मी तो आवाज इतका वेगात ठेवते की डोळस माणसाला तो कलकलाटच वाटतो.

"हे काय बोलून राहिलं?" राजूरकरांनी विचारलं.

"तुम्हाला कळत नाही?"

"नाही."

मी वेग कमी केला नाही.

एकेक डबा इंटरनेटवरून उतरू लागला. शोधायचा आला. फोनवर पाठवायचा आला. पंचवीस मिनिटं झाली होती. शेवटी ग्रंथालयाचा आला, सुरू झाला आणि पडला. पुन्हा सुरू झाला. पुन्हा पडला. मी पानावरच्या ओळी मनातल्या मनात म्हणून पाहिल्या. एखादी मोकळी जागा कमी-जास्त झाली तरी ते पान अडतं. पण हेच पान मी महिन्याभरापूर्वी चालवून पाहिलं होतं, आणि त्यानंतर त्याला हातही लावला नव्हता.

"अडलं वाटतं," राजूरकर म्हणाले. "पस्तीस मिनिटं."

"पस्तीस झाली, साठ नाही."

माझे हात ओले झाले होते. मी ते साडीला पुसले आणि मशीननं सुरुवातीपासून काय काय नोंदवलं ते ऐकायला लागले. लांबलचक यादी होती. ऐकता ऐकता एका ओळीवर थांबले. पुन्हा ऐकली. पुस्तकांच्या डिस्कची नव्वद सेकंद वाट पाहिली, ती सापडली नाही, म्हणून तिच्याशिवाय पुढं गेलो. डिस्क सापडली नाही. खराब आहे असं नव्हतं; मशीनच्या लेखी ती तिथं नव्हतीच.

मी मशीन बंद केलं आणि उघड्या बाजूनं आत हात घातला. मोठी डिस्क खाली, उजवीकडे. हाताला ती लागली, अजून कोमट होती. तिची चपटी केबल हुडकली. ती डिस्कमध्ये नव्हती. मोकळी लोंबत होती.

"केबल काढलेली आहे," मी म्हटलं.

"मी नाही काढली," मृणाल लगेच म्हणाली. "मॅडम, मी त्या डिस्कला हात लावला नाही. खरंच."

"माहीत आहे."

"गरमीनं निघाली असेल," राजूरकर म्हणाले.

मी कोणाला काही विचारलं नाही. वेळ नव्हता. केबलचं टोक अंगठ्यानं चाचपून सरळ केलं आणि खाचेत दाबलं. ती बसल्याची टिचकी झाली, मघाशी ऐकली होती अगदी तशीच. बटन दाबलं. टेबलाकडचं टकटक या वेळपर्यंत थांबलं होतं.

मशीननं ओ दिली. डिस्क सापडली. डबा सुरू झाला, आणि या वेळी उभा राहिला. मी माझा फोन काढला, ग्रंथालय उघडलं आणि हाताला आलं ते पुस्तक लावलं.

"वाचक, पद्माकर गुल्हाने," फोन म्हणाला. "इयत्ता दहावी, भूगोल. धडा चौथा."

आवाज चाळिशीतल्या माणसाचा होता. भरदार, सावकाश. मागं कुठंतरी सायकलची घंटी होती. एका परिच्छेदानंतर पेला खाली ठेवल्याचा आवाज, मग एक खाकरणं, आणि पुढं वाचन. मी सुरुवातीला फक्त चालतं का ते बघायला लावलं होतं. पण मग खुर्चीतली ती शीळ मला ऐकू येईना. सर श्वास रोखून बसले होते.

"किती वाजले?" मी विचारलं.

मृणालनं सांगितलं. "एक तेहतीस. त्रेपन्न मिनिटं." मग ती जरा थांबून म्हणाली, "मॅडम, आमच्या ॲपमध्ये ती बटनं बोलत नाहीत, हे आम्हाला कोणी कळवलं नाही."

"मी मंडळाला सात पत्रं लिहिली."

राजूरकर खोकले. "ठीक आहे. मशीन चालतं, मान्य. पण मूळ मुद्दा परवानगीचा आहे. तो राहतोच. सरांनी परवानगी दिली नव्हती."

तेवढ्यात माझ्या हातात एक जाड कागद आला. सर खुर्चीतून उठून माझ्यापर्यंत आले होते. टोचलेले ठिपके सारखे होते, शाळेत आम्हाला काढायला लावायचे तसे. मी बोट फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं.

"परवानगी मी दिली होती. मी मान हलवली नाही. केबल राजूरकरांनी काढली, मी पाहिलं."

मी कागद राजूरकरांच्या दिशेनं धरला.

"हे काय आहे?" राजूरकरांचा आवाज चढला नाही, पण जाड झाला. "कागदावर भोकं आहेत. ही वाटेल ते वाचेल. सरांनी असंच लिहिलं याचा पुरावा काय?"

"मंडळात कोणाहीकडून वाचून घ्या," मी म्हटलं.

"मला आत्ता पुरावा पाहिजे."

मी कागद धरून उभी राहिले आणि दाराकडे तोंड केलं. हे मी ठरवून केलं नव्हतं. आजही वाटतं, करायला नको होतं. दुसरं कोणी विचारायला होतंच, मृणाल होती. पण मी दादालाच विचारलं.

"दादा, सर काय करताहेत?"

त्याच्या चपला मी ऐकत होते, त्या जागच्या हलल्या नाहीत. आमच्या घरात तो एकटा कमावता होता असं नाही, माझीही नोकरी होती. पण त्याच्या दोन मुलींचं शिक्षण व्हायचं होतं आणि त्याच्या नोकरीला चौदा वर्षं उरली होती. हे सगळं मला माहीत असताना मी त्याला विचारलं होतं.

"तायडे सर," राजूरकर शांतपणे म्हणाले. ते त्याला एरवी नुसतं तायडे म्हणायचे.

"मान हलवताहेत," दादा म्हणाला. "हो म्हणताहेत. आणि मघाशी त्यांनी मान हलवली नव्हती, साहेब. मी इथंच उभा होतो."

राजूरकर लगेच निघाले. गाडीचं दार दोनदा वाजलं. मृणाल तिचा पडदा उचलताना माझ्या कानाशी म्हणाली, "ते पान मला पाठवाल? तुमचं एकशे बावीस ओळींचं?" मी पाठवते म्हटलं, आणि पाठवलंही. सरांना ती मंडळी विसरून गेली होती. दादानंच त्यांना स्कूटरवर घरी सोडलं.

जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा दादाची बदली संस्थेच्या बार्शीटाकळीजवळच्या एका गावातल्या शाखेत झालेली होती. सकाळी साडेसहाची एस.टी., परत यायला संध्याकाळ. महिनाभर तो माझ्याशी कामापुरतंच बोलला. वहिनी तर तेवढंही नाही. मी कोणत्या तोंडानं काही म्हणणार होते? एकदा जेवताना तो एकदम म्हणाला, "तू मृणालमॅडमला काहून नाही विचारलं?"

"माहीत नाही," मी म्हटलं.

"माझ्यावर भरवसा होता म्हणून, की परीक्षा घ्यायची होती म्हणून?"

मी खरं सांगितलं. "तू पहिल्या वेळी गप्प राहिला होतास म्हणून."

त्यानं ताट बाजूला सारलं नाही. जेवण पूर्ण केलं, हात धुतले. पुढच्या आठवड्यात एका सकाळी दारातून विचारलं, "ते बसमध्ये ऐकायचं असलं तर काय करावं लागते?" मी त्याच्या फोनवर लावून दिलं. त्यानं काय ऐकलं ते मी कधी पाहिलं नाही, मशीनच्या नोंदींत मला ते कळलं असतं तरी.

त्या सगळ्याच्या आधी, त्या रविवारनंतर दहाव्या दिवशी, मंडळाची नोटीस आली होती. रजिस्टर पोस्टानं, जाड पाकिटात; वरून चाचपलं तर ठिपके नव्हते, म्हणजे छापील. पोस्टमननं माझा अंगठा कुठं टेकवायचा ते दाखवायला माझा हात धरला. मी त्याच्याकडून पेन घेऊन सही केली. नोटिशीत काय होतं ते कळायला मला कोणालाही हाक मारता आली असती, फोनच्या कॅमेऱ्यानंही ती वाचून दाखवली असती. मी काहीच केलं नाही. पाकीट न फोडता खणात टाकलं आणि पाटी घेतली. जाड कागदावर चार ओळी टोचल्या, मंडळाचा पत्ता पाकिटावर दादाच्या धाकटीकडून लिहून घेतला आणि पोस्टात टाकलं. अंधांच्या लिखाणाला तिकीट लागत नाही.

आठवड्यानं कचेरीत माझ्याच बोर्डावर फोन आला. मंडळाच्या ऑफिसातल्या लिपिकबाई होत्या. तोवर सरांनी कार्यकारिणीचा राजीनामा दिलेला होता.

"नलिनीताई, तुमचं उत्तर पोचलं," त्या म्हणाल्या. "पण ते ब्रेलमध्ये आहे. इथं कोणालाच वाचता येत नाही. साहेब विचारताहेत, यात काय लिहिलं आहे?"

"लिहून घेता का?" मी म्हटलं.

"हं, सांगा."

"लिहा. अंधांचं मंडळ चालवणाऱ्या कचेरीत ब्रेल वाचणारा एकही माणूस उरलेला नाही. तो येईपर्यंत पुस्तकं माझ्याकडे राहतील."

पलीकडे पेन कागदावर चाललं, मग थांबलं.

"ताई," बाईंनी आवाज खाली आणला, "हे असंच लिहून ठेवू?"

"असंच," मी म्हटलं, आणि खोळंबलेला पुढचा फोन जोडून दिला.